आवाजातली कणी

‘ध्वनियंत्रांच्या क्षेत्रात ज्यांनी शुद्धतेचा ध्यास हाच धर्म मानला, अशा आपल्या देशातील मोजक्या आद्य प्रवर्तकांत त्यांचे स्थान ध्रुवासारखे अढळ आहे.’

हे वाक्य माझं आहे. २०१० साली पुण्यातल्या एका सभागृहात त्यांचा सत्कार झाला, त्या मानपत्राची ही सुरुवात. वाचायला भारदस्त आवाजाचे एक गृहस्थ मुद्दाम बोलावले होते. त्यांनी ‘ध्वनियंत्रांच्या’ म्हटलं आणि माईकने शिट्टी धरली, ती ‘अढळ आहे’पर्यंत सोडली नाही. लोकांनी कानांवर हात ठेवले. सत्कारमूर्ती मात्र त्या दिवसात पहिल्यांदाच काहीतरी मन लावून ऐकताना दिसले. खाली उतरल्यावर मला म्हणाले, “मानपत्रापेक्षा शिट्टी स्वच्छ होती.”

मी त्यांना काका म्हणत असे. नातं काही नव्हतं. पुण्यात वयात पुरेसं अंतर असलं की ते आपोआप होतं. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण त्यांनी बनवलेल्या एकाही यंत्रावर ते नव्हतं. “नाव दिसलं की लोक नाव ऐकत बसतात,” असं त्यांचं म्हणणं. या देशात व्हॉल्व्हचे उंची ॲम्प्लिफायर आणि माणसाएवढे स्पीकर कुणी हाताने बनवत नव्हतं, तेव्हापासून ते बनवत होते. त्यांचे सगळे ग्राहक एका टेम्पोत बसले असते, पण एकमेकांचे स्पीकर सहन न झाल्यामुळे पौडच्या पुढे गेले नसते.

१९९८ साली मी बावधनला राहायला आलो. बावधन पुण्यात आहे असं तेव्हा फक्त बिल्डर म्हणत. मी यंत्रांची माहितीपत्रकं लिहून देत असे. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, एकदा अंडी उबवायचं यंत्र. काकांनी ते अंड्यांचं पत्रक कुठेतरी वाचलं आणि त्यात एकही विशेषण नाही म्हणून मला मुळशी धरणाजवळच्या माले गावी बोलावून घेतलं. मी स्कूटर काढली. चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि पुढे भाताची खाचरं. घर बैठं होतं. मागच्या अंगाला एक लांब खोली, तिला एकही खिडकी नाही, आणि तिच्या टोकाला कपाटाएवढ्या दोन लाकडी पेट्या भिंतीपासून थोडं पुढे उभ्या. लग्नात रुसून बसलेल्या मंडळींसारख्या दिसत होत्या.

मला आधी जेवायला बसवलं. आंबेमोहोर, साधं वरण, लिंबू. “उपाशी माणसाला सगळंच कर्कश लागतं,” काका म्हणाले. ग्राहकांनाही ते असंच आधी जेवू घालत. जेवून मग कुणी डोळे मिटून मान डोलवायला लागला की काका हळूच यंत्र बंद करत. तरी मान डोलतच राहिली, तर त्या माणसाला चहा देऊन परत पाठवत.

पत्रक मी दोन पानी लिहून नेलं. त्यांनी ते खोडत खोडत चार ओळींवर आणलं. ‘हा ॲम्प्लिफायर आहे. तो गरम होतो. लहान मुलांना दूर ठेवावे. आवाज ऐकून ठरवावे.’ माझ्या आयुष्यात छापून आलेलं सर्वांत खरं लिखाण ते असावं. पण मी जात राहिलो तो जेवणासाठी आणि काकूंसाठी.

काकू पूर्वी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत. काकांनी दोन कारणांसाठी मालेला घर बांधायचं ठरवलं. एक, तिथली शांतता. दुसरं, धरण जवळ असल्यामुळे वीज ताजी मिळेल. लांबून येणारी वीज वाटेत मळते आणि ते ॲम्प्लिफायरमध्ये ऐकू येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. घर बांधून झाल्यावर काकूंनी त्यांना नकाशा दाखवला. मुळशीचं पाणी घाटाखाली कोकणात उतरतं, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. मालेला वीज उलट्या बाजूने, तारांच्या शेवटच्या टोकाला आणि तिच्या मर्जीने यायची.

“भूगोल शिकवणारी बायको घरात होती हो,” काकू मला सांगत. “विचारायला काही पडत नव्हतं. कानांवर पोट भरणारा माणूस, पण ऐकेल तर शपथ.”

काकूंना मालेला राहायचं नव्हतं. यात लपवाछपवी काही नव्हती. त्या ते जेवताना वरण वाढता वाढता सांगत. त्यांना जिन्यात माणसं भेटायला हवी होती, मंडई हवी होती, थोरल्या बहिणीकडे चालत जाता यायला हवं होतं. बहीण थकत चालली होती आणि दर खेपेला विचारायची, “तुझं ते एक वर्ष संपलं का गं?” कारण काकू मुदतीआधी निवृत्ती घेऊन एका वर्षाच्या बोलीवर आल्या होत्या. वर्ष संपल्यावर काकांनी नवी बोली काढली. ज्या दिवशी या पेट्यांमधून आलेला आवाज काकूंना खऱ्या माणसाचा वाटेल, त्या दिवशी काम पुरं झालं; दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं आणि पुण्याला. काकू कबूल झाल्या. त्यांना वाटलं, फार तर एक पावसाळा.

न्यायाधीश म्हणून त्यांना नेमण्यात काकांची चूक नव्हती. काकूंचा कान विलक्षण होता, फक्त त्याला शब्द स्वयंपाकघरातले होते. परदेशी मासिकांत स्पीकरच्या आवाजाचं वर्णन दारूसारखं करतात. काकू म्हणत, “ताकासारखा पातळ झालाय,” किंवा “फोडणी करपली.” सगळ्यांत वाईट शेरा म्हणजे “कणी आहे.” भात वरून मऊ दिसतो, पण दाणा दाताखाली धरला की मधे कच्चा लागतो, ती कणी. काकांनी हे शब्द जसेच्या तसे कामात घेतले. मुंबईच्या ट्रान्सफॉर्मरवाल्याला ते फोनवर ओरडून सांगायचे, “फोडणी ठीक आहे हो, पण मधे कणी लागतेय!” तो बिचारा गुजराती होता. त्याने बरेच दिवस काकांचं हॉटेल आहे असं धरलं होतं.

परीक्षेसाठी आवाज निवडला शेजारणीचा. शेजारी मेंढरं राखणारं कुटुंब होतं. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने देशावर हिंडायचा; ती शेळ्या, कोंबड्या, सासू आणि लोकांच्या खाचरांतली कामं सांभाळून मालेत असायची. रोज एकदा तरी फाटकाशी येऊन काकूंना हाक मारायची. फाटक लोटून आत यायची तिची पद्धत नव्हती. हाक मारायची, काकू उठून दारापर्यंत जायच्या आणि मग बोलणं. त्या हाकेला काकू उठल्या नाहीत असं कधी होत नसे. म्हणून काकांनी ठरवलं: हाक पेटीतून यावी आणि काकूंनी उठून दारापर्यंत जावं. बस.

शेजारणीचा पेट्यांशी आधीपासून संबंध होता. स्पीकरच्या पेटीत आवाज घुमू नये म्हणून आत मऊ काहीतरी भरावं लागतं. काकांच्या मते त्याला मेंढीच्या लोकरीशिवाय पर्याय नव्हता. कातरणीच्या दिवसांत ती पोतं घेऊन आली तेव्हा मी होतो.

“भाऊ, एवढी लोकर कशापायी? घोंगडं इनताय व्हय?”

“नाही, पेटीत भरायचीय.”

“पेटीला थंडी वाजती का?”

“आतला आवाज आतच जिरायला पाहिजे ना.”

तिने काकूंकडे बघितलं. “वैनी, भाऊस्नी म्हनावं, आवाज जिरवायचा तर मंग काडायचा कशाला?”

“मी विचारून थकले गं,” काकू म्हणाल्या.

तिचा आवाज टेपवर घेणं सोपं नव्हतं. काकांनी माईक समोर धरला तर तिने पदर डोक्यावर घेतला, खाकरली आणि शाळेत पाहुणे आल्यासारखी म्हणाली, “नमस्कार. वहिनी घरात आहेत का?” ही असलं काही आयुष्यात बोलली नव्हती. काकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, “नेहमीसारखं बोला.” ती दर वेळी आणखी पुणेरी होत गेली. शेवटी काकांनी फाटकाजवळच्या शेवग्याला माईक टांगला, तार घरात घेतली आणि वाट बघत बसले. बरेच दिवस कावळे, एस.टी. आणि सासूच्या शिव्या जमा झाल्या. मग एकदा मनासारखी हाक मिळाली. फाटकाची कडी वाजते, मागे एक शेळी ओरडते आणि मग: “वैनी, वो वैनी! हाय का न्हाई घरात?”

पुढची काही वर्षं मी ही हाक इतक्या वेळा ऐकली की स्कूटर चालवताना ती कानात वाजायची. काकू स्वयंपाकघरात असल्या की मागच्या खोलीतून हाक यायची. काकू न उठता सांगायच्या, “कणी.”

“कुठे?” काका आतून विचारायचे.

“‘वैनी’च्या ‘नी’वर.”

काका पेटी उघडायचे. जाड आवाज एका पडद्याला आणि बारीक आवाज दुसऱ्याला वाटून देणारी तारांची वेटोळी आत असतात. ती सोडायची, नवी गुंडाळायची, डाख द्यायचा, लोकर थोडी काढायची किंवा घालायची. मग पुन्हा हाक. पुन्हा “कणी”. कधी कधी खरी शेजारीण फाटकाशी यायची, तेव्हा काकू पहिल्याच अक्षराला उठायच्या. कधी चुकायच्या नाहीत. त्यांचं काय धोरण होतं मला कळत नसे. मागून आली की पेटी आणि पुढून आली की बाई, इतकं ते सोपं असेल, असा काकांनाही संशय आला. त्यांनी नंतर पेट्या पुढच्या ओसरीत, फाटकाच्या दिशेला आणून ठेवल्या. तरी काकू ओळखायच्या.

त्या मधल्या काळात बावधन खरोखरच पुण्यात आलं. मुठा गावाकडे जाणाऱ्या वाटेवर शनिवार-रविवारचे बंगले उठले. आय.टी.तली तरुण मुलं मोठ्या गाड्यांतून काकांकडे येऊ लागली, लातूरची, जळगावची, भंडाऱ्याची. मराठीत सुरुवात करून तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत जायची. एकाने काकांना त्यांची ‘फिलॉसॉफी’ विचारली. काकांनी त्याला वरण वाढलं.

याच वर्षांत विजेचं भारनियमन वाढलं. गुरुवारी तर दिवसभर काही खरं नसायचं. ताज्या विजेसाठी बांधलेल्या त्या घरात मेणबत्त्यांचा खण वेगळा होता.

एका दुपारी काकू पावटे सोलत होत्या, काका पौडला डाखाची तार आणायला गेले होते. काकूंच्या बहिणीने हल्ली बाहेर पडणं सोडलं होतं, हे त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. मी म्हटलं, “काकू, एकदा उठून जा ना दारापर्यंत. संपेल सगळं. महिन्याभरात पुण्यात असाल.”

“कळतं मला ते.”

“मग?”

“मग काय? शिजला नाही तो भात शिजला म्हणून वाढायचा? आणि तो माणूस जन्मभर ढेकर देत फिरणार?” त्यांनी एक किडका पावटा बाजूला टाकला. “त्यांचं सगळं आयुष्य त्या पेटीत आहे. खोटं सांगून मी पुण्याला गेले, तर मंडईत भाजी घेताना मला तेच आठवेल. तुम्ही पावटे सोला, नाहीतर जेवण मिळायचं नाही.”

मी सोलायला घेतले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आणि मग तो गुरुवार आला. पावसाळा सरत आलेला, दुपारचे चहाचे कप अजून ओसरीवरच होते. काका मागच्या खोलीत वेटोळी गुंडाळत होते, मी ओसरीवर वर्तमानपत्राचं कोडं सोडवत होतो, काकू आत तांदूळ निवडत होत्या. पेट्या माझ्या शेजारी उभ्या. फाटक मला कोपऱ्यामुळे दिसत नव्हतं. कडी वाजली.

“वैनी, वो वैनी! हाय का न्हाई घरात?”

मी कोड्यातून मान वर केली नाही. ते आता घड्याळाच्या टोल्यासारखं झालं होतं.

आतून काकू म्हणाल्या, “बरंच सुधारलंय हो. पण ‘नी’वर कणी आहे अजून.”

काका मागच्या खोलीतून आले. हातात अर्धवट गुंडाळलेली तार, चेहरा कोरा. “काय म्हणालीस?”

“कणी आहे म्हटलं. थोडी.”

काकांनी पेट्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग वर पंख्याकडे. मीही पंख्याकडे बघितलं. थांबलेल्या पंख्याच्या एका पात्यावर चिमणी बसली होती.

फाटकावरून आवाज आला, “आवं, कुनी उटतंय का समदी मेलीत? दूद नासंल की माजं!”

काकू बाहेर आल्या, हातात सूप तसंच. त्यांनी फाटकाकडे बघितलं, मग पंख्याकडे. शेजारणीने पहिल्यांदाच आपण होऊन फाटक लोटलं आणि शेळीच्या दुधाची चरवी घेऊन ओसरीपर्यंत आली. तिघांना असं उभं बघून तिने आवाज उतरवला. “कुनी गेलं का वैनी?”

“नाही गं. ये, बस.”

“मंग असं का हुबं ऱ्हायलाय?”

काका पायरीवर बसले. “वहिनींना परत एकदा हाक मारा बघू,” ते तिला म्हणाले.

“हितं तर हायेत समोर.”

“तरी मारा.”

ती काकूंच्या तोंडासमोर उभी राहून ओरडली, “वैनी!” आणि स्वतःच हसायला लागली. पण आम्ही तिघांनी ऐकलं. ‘नी’वर कणी होती. बारीकशी, कच्ची, तिच्या गळ्यातच. बहुधा जन्मापासून.

काका बराच वेळ तार सोडत आणि गुंडाळत बसले. शेवटी म्हणाले, “म्हणजे पेट्या बरोबर सांगत होत्या.”

“आणि मीही,” काकू म्हणाल्या.

“तूही. पेट्या केव्हापासून बरोबर असतील?”

कदाचित पहिल्याच पावसाळ्यात काम झालं असेल. त्यानंतर एक हुशार माणूस एका मेंढपाळ बाईच्या गळ्यातली कणी, पेटी उघडून, तार आणि लोकर बदलून, शिजवायचा प्रयत्न करत होता. आणि काकू रोज नव्या शब्दांत आलेल्या हाकेला उठत होत्या, टेपवरच्या पाठ झालेल्या शब्दांत दोष काढत होत्या; त्या गुरुवारी शेजारीण नेमके तेच शब्द बोलली. कणी दोन्हींत होती. कान त्यांचा खोटा नव्हता. शेजारीण आली असेल तेव्हा त्या भात चाखत नसत, एवढंच.

काकांनी तार खाली ठेवली. “सामान बांधायला घे.”

“हे धरायचं नाही,” काकू म्हणाल्या. “पेटीचा आवाज मला माणसाचा वाटायला हवा होता. मला माणसाचा आवाज पेटीचा वाटला. बोली उलटी झाली.”

“भूगोलवाल्या बाईने तर्कशास्त्र शिकवू नये. बांध.”

“पेट्या अजून—”

“बांध म्हणतो ना. माझं ऐक.”

“तुमचंच ऐकत आले,” काकू म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला आत गेल्या. सूप त्या ओसरीवरच विसरल्या होत्या. ते घ्यायला परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि शेजारीण मला खुणेने विचारत होती की नक्की कोण गेलं.

ते बावधनला आले, माझ्या इमारतीपासून दोन रस्ते सोडून, सातव्या मजल्यावर. बहिणीकडे रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. काकू रोज जात. बहिणीने विचारलं म्हणे, “संपलं का गं वर्ष?” आणि उत्तर न ऐकता चहा टाकायला सांगितला. पुढे वर्षभरच ती होती. काकू त्या वर्षाबद्दल कधी तक्रारीने बोलल्या नाहीत.

पेट्या टेम्पोतून आल्या, पण लिफ्टमध्ये मावल्या नाहीत. जिन्याच्या वळणावर अडकल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने येऊन नियम वाचून दाखवला. काकांनी तिथेच, जिन्यात, स्क्रूड्रायव्हर काढला. आवाज काढणारे पडदे सोडवून कपड्यांत गुंडाळले, तारांची वेटोळी काढली आणि रिकाम्या पेट्या त्याच टेम्पोने मालेला परत पाठवल्या. लोकर आतच राहिली. घर विकलं होतं, म्हणून टेम्पोवाल्याने त्या शेजारणीच्या अंगणात उतरवल्या.

बावधनच्या स्वयंपाकघरात फळीवर एक छोटा रेडिओ होता. काका त्यावर बातम्या आणि जुनी गाणी ऐकत. मी एकदा विचारलं, “कसा आहे आवाज?” काकांनी काकूंकडे बघितलं. काकू कणीक तिंबत होत्या. “ऐकायला येतं,” त्या म्हणाल्या. मला त्या घराची आठवण आली की आधी आंबेमोहोराचा वास येतो आणि मग ती हाक. मालेचा तो लांब रस्ता, रुसलेल्या पेट्या आणि दुपारच्या उन्हात कुणीतरी फाटकाशी उभं राहून विचारतंय, घरात कुणी आहे का नाही. आता तिथे दुसऱ्याच कुणाचा बंगला आहे.

मानपत्राचं शेवटचं वाक्यही माझंच होतं. तोवर माईक दुरुस्त झाला होता, त्यामुळे ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं आणि टाळ्याही पडल्या: ‘त्यांच्या आयुष्यभराच्या साधनेचे सर्वश्रेष्ठ फळ असलेले ध्वनिक्षेपक आजही मुळशी तालुक्यात ममतेने जतन करण्यात आले आहेत.’

पुढच्याच रविवारी मी मालेला गेलो होतो. पेट्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. पडदे काढल्यामुळे पुढे गोल भोकं राहिली आहेत, आणि आत लोकर असल्यामुळे खुडूक कोंबड्या तिथेच बसतात.